मदत हवी आहे: उसाच्या पानातलं मॅग्नेशियम, सिलिकॉन एक्सआरएफनं (एक्स-रे पाडून, परत येणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) कसं बघायचं?

मंडळी, कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. शिरोळकडचा को ८६०३२ जातीचा ऊस घेतलाय. फडात शिरलेल्याला पाल्यातलं सिलिका काय चीज आहे ते हातावरचे ओरखडेच सांगतात. मला मात्र ते कुठल्या पेशीत साठतं याचा नकाशा हवाय, जोडीला मॅग्नेशियम आणि फॉस्फरस.

मिळालेलं मायक्रो-एक्सआरएफ यंत्र र्‍होडियमच्या एक्स-रे ट्यूबचं आहे, किरणांचा ठिपका साधारण ३० मायक्रॉनचा. पोटॅशियम, कॅल्शियम, लोह झकास दिसतं. सिलिकॉन अंधुक, मॅग्नेशियमचा पत्ताच नाही. त्याची के-अल्फा रेषा (त्याच्या ओळखीचा एक्स-रे) जेमतेम १.२५ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेची, सेंटिमीटरभर हवाच तिला गिळते हे माहीत आहे. पण निर्वात केलं की ताजं पान वाळून मुरडतं. हेलियमवर भागेल का? काप किती जाड घेऊ? आणि ठेवू कशावर? काचेत सिलिकॉनही आहे, सोडियमही. ज्याला विचारावं तो सिलिकॉन नायट्राइडची खिडकी (नमुना ठेवायचा पातळ पडदा) सांगतो. अहो, मला सिलिकॉनच बघायचंय!

प्रतिसाद १
भावा, हेलियम चालेल, पण डिटेक्टरची खिडकी पातळ पाहिजे, जाड बेरिलियम मॅग्नेशियम अडवतं. काप गोठवून घे, गोठवूनच वाळव. रासायनिक द्रावणात बुडवलास तर विरघळणारे आयन धुऊन जातील. जाडी ५ ते १० मायक्रॉन ठेव. अख्ख्या पानातून मॅग्नेशियमचे किरण जेमतेम वरच्या दहाएक मायक्रॉनमधून बाहेर येतात आणि कॅल्शियमचे बऱ्याच खोलातून, म्हणजे दोन्ही नकाशे एकाच जागेचे नसतात. खाली सिलिकॉन नसलेली पातळ पॉलिमर फिल्म लाव. ठिपक्यामागं वेळही वाढव: मॅग्नेशियममध्ये आतला इलेक्ट्रॉन उडून झालेल्या शंभर पोकळ्यांतल्या तीनेकच एक्स-रे देतात, बाकींतून एक्स-रेऐवजी इलेक्ट्रॉनच (ऑजे इलेक्ट्रॉन) बाहेर पडतो, लोहात हाच आकडा चौतीसच्या आसपास.

प्रतिसाद २
३० मायक्रॉनच्या ठिपक्यात पेशी वेगळ्या दिसणार नाहीत. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरची (प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) बीएल-१६ ही किरणवाहिनी ४ ते २० केईव्हीवर चालते, तिथं हलकी मूलद्रव्यं नीट उत्तेजित होत नाहीत. इटलीत त्रिएस्तेच्या एलेत्रा सिंक्रोट्रॉनमधली ट्विनमिक किरणवाहिनी ४०० ते २२०० ईव्हीची (०.४ ते २.२ केईव्ही), तुमची तिन्ही मूलद्रव्यं त्यात बसतात. तोवर एसईएम-ईडीएसवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेला एक्स-रे डिटेक्टर) सिलिकॉन बघून घ्या. पार्श्वभूमी जास्त येते, मॅग्नेशियम कमी असलं तर बुडेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. सिलिकॉन ईडीएसवर करतो. गोठवून काप घेणारा क्रायो-मायक्रोटोम कोल्हापूर-सांगलीत कुणाकडं चालू स्थितीत आहे का?