छोट्या विमानासाठी हलका इन-इअर हेडसेट: कोणी वापरलाय का? सल्ला हवाय

कऱ्हाकाठ
नमस्कार मंडळी. बारामतीला सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिक परवान्याचं) ट्रेनिंग चालू आहे, सेसना १५२ आणि १७२ या छोट्या एक-इंजिनी विमानांवर. सध्या स्कूलचेच हेडसेट वापरतेय, ते जड आहेत, कानावरचे पॅड कडक झालेत आणि मला चष्मा आहे, त्यामुळे चष्म्याची दांडी पॅडखाली दबून तासाभरात कानामागे ठणकायला लागतं. वर दांडीपाशी जी फट राहते तिथून आवाज आत येतो तो वेगळाच. दुपारच्या सॉर्टीला (उड्डाणाला) तर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, तापलेल्या विमानात बसल्याबसल्याच कानाभोवती घामाच्या धारा.
एका सिनियरकडे कानात घालायचा बारीक तारेचा हेडसेट पाहिला, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पण विचारावं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं पिस्टन इंजिनला तो पुरत नाही, कोणी म्हणतं कान खराब होतात. पुढे क्लास वन मेडिकलला (वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीला) ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, असतेच, त्यामुळे कानाशी खेळ नको आहे. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी प्लीज सांगा. आरटी (रेडिओवरचं बोलणं) नीट ऐकू येते का, घेताना काय बघायचं, आणि ट्रेनिंगमध्ये असताना घ्यावा की नंतर?

बुलेटवाला
विमानातलं कळत नाही पण लांबच्या राइडला हेल्मेटच्या आत फोमचे इअरप्लग घालतो, वाऱ्याचा आवाज निम्म्याने तरी कमी वाटतो आणि संध्याकाळी कान सुन्न होत नाहीत. हेडसेटच्या आत तेच घालून बघता येईल का? जाणकारांनी सांगावं.

सनीवेल_सातारकर
कऱ्हाकाठ, मी इकडे सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यूवरून क्लबचं १७२ उडवतो आणि बरीच वर्षं क्लॅरिटी अलॉफ्ट हा इन-इअर हेडसेट वापरतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पिस्टनला पुरत नाही हे सरसकट खरं नाही. आधी आवाज कसला आहे ते बघ. १७२ क्रूझमध्ये साधारण २,४०० आरपीएमवर असतं. पंख्याला दोन पाती, म्हणजे सेकंदाला ८० वेळा पातं समोरून जातं. इंजिन चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक, तेही सेकंदाला ८० वेळाच फायर होतं. म्हणजे कानावर जो मारा होतो त्याचा मोठा भाग ८० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज आहे. साध्या कपवाल्या हेडसेटला नेमका हाच खर्ज अडवता येत नाही, वरच्या पट्टीतला आवाज ते छान अडवतात पण खालचा घुमत राहतो आणि उतरल्यावर डोकं जड होतं ते त्यानेच. एएनआर हेडसेट (उलट आवाज सोडून गोंगाट मारणारे) इलेक्ट्रॉनिक्सने तो खर्ज मारतात. फोम कानात नीट खोल बसला तर बॅटरी न लागता तोच खर्ज चांगला अडतो आणि वरची पट्टीही. त्यामुळे सगळा खेळ सीलचा, म्हणजे फोम फट न ठेवता बसण्याचा, आहे. फोम अर्धवट बसला तर जगातला सगळ्यात महागडा इन-इअर हेडसेटसुद्धा कुचकामी.

बसवायची पद्धत: फोम बोटांच्या चिमटीत वळून वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढ, म्हणजे आतली वाट सरळ होते, मग फोम सरकव आणि पूर्ण फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव. हे शेवटचं धरून ठेवणं लोक करत नाहीत आणि मग म्हणतात ऐकू येत नाही. इंजिन चालू झालं की दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरून बघ. आवाजात फारसा फरक पडला नाही तर सील बसलंय, एकदम कमी झाला तर काढून पुन्हा घाल.

आरटी सुरेख येते, कारण स्पीकरचा आवाज थेट कानात आणि बाहेरचा गोंगाट अडलेला. व्हॉल्यूम बराच खाली ठेवावा लागतो. माइक मात्र ओठाच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकलेला पाहिजे, बोटभर लांब गेला की समोरच्याला तुझ्यापेक्षा इंजिन जास्त ऐकू येणार.

वजन म्हणशील तर डोक्यावर औंस-दीड औंस, चाळीसेक ग्रॅम. बोसचा कपवाला एएनआर ए३० साधारण ४०० ग्रॅमचा आहे आणि २०२३ साली आला तेव्हाच जवळपास १,३०० डॉलरचा होता. चष्मा, गॉगल, टोपी, कशाचीच अडचण नाही. तुझा चष्म्याचा त्रास पहिल्याच दिवशी संपेल एवढं खात्रीने सांगतो.

दुसरा पर्याय क्वाएट टेक्नॉलॉजीजचा हॅलो (Halo) हा इन-इअर हेडसेट. त्यात आवाज मऊ नळीतून कानात येतो. मी मित्राचा घालून बघितलाय, क्लॅरिटीपेक्षा कानाच्या कडेला हलका लागला, पण हे कानाकानावर आहे.

आता न आवडणारं. घालायला-काढायला वेळ लागतो. बाहेरून कोणी काही विचारलं तर कप वर करून ऐकतो तसं जमत नाही, फोम काढा आणि पुन्हा बसवा. सुरुवातीला कानाची वाट दुखते. टिप्स घाण होतात, घट्टपणा जातो, बदलत राहाव्या लागतात, तो खर्च धरून चाल. आणि दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, देऊही नये.

जुनंच_बरं
थोडं विरुद्ध मत. ट्रेनिंगमध्ये डेव्हिड क्लार्कचा हिरवा, कपवाला एच१०-१३.४ घ्या आणि निश्चिंत व्हा. अर्धा किलोच्या आसपास वजन आहे, मान्य. पण मागच्या सीटवर आपटा, बॅगेत कोंबा, काही होत नाही, आणि एकेक सुटा भाग मिळतो. बऱ्याच जणांना हेडसेट वाईट वाटतो तो पॅड कडक झाल्यामुळे. जेलचे पॅड आणि वरची मऊ पट्टी टाकली की तोच हेडसेट वेगळा वाटतो, जेल चष्म्याच्या दांडीभोवतीही बऱ्यापैकी बसतं. बारीक तारेच्या वस्तू विद्यार्थ्याच्या हातात टिकत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रवणा
मी विमान उडवत नाही, कान-नाक-घसा हा माझा विषय आहे, तेवढ्यापुरतं लिहिते.

कानात घातल्याने कान खराब होतात ही भीती सरसकट बाळगू नका. कान खराब होतो तो आवाजाने. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. छोट्या पिस्टन विमानाच्या केबिनमध्ये ९० च्या आसपास आणि त्याहून वर आवाज सहज असतो. त्यामुळे काय घालताय यापेक्षा ते रोज नीट बसतंय का हे महत्त्वाचं.

मात्र काही गोष्टी पाळाच. कानात मळ जास्त होत असेल तर आधी डॉक्टरांकडून साफ करून घ्या, नाहीतर फोम तो मळ आत ढकलतो. घरी कापसाची काडी घालून कोरू नका. पावसाळ्यात आपल्याकडे कानात बुरशीचे पेशंट खूप येतात. ओला कान, त्यावर फोमचं बूच आणि दमट हवा हे तिला आयतं आवतण. आंघोळीनंतर कान कोरडा होऊ द्या, टिप्स हवेशीर जागी ठेवा, खाज किंवा पाणी असेल तर इन-इअर पूर्ण बंद. सर्दी असताना तर उडूच नका, मग हेडसेट कुठलाही असो. उतरताना कान दडपला तर जबडा हलवा, गिळा, आणि फोम किंचित सैल करा, म्हणजे फोममागे हवा आत शिरून पडद्याच्या बाहेरच्या बाजूचा दाब सारखा होतो.

आणि ट्रेनिंगच्या सुरुवातीचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) जपून ठेवा. पुढे फरक पडला की नाही हे त्याच्याशीच ताडून बघता येतं.

बुलेटवाला, हो, हेडसेटच्या आत फोम चालतो. पण दोन्हींचे आवाज अडवण्याचे आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात, दुसऱ्या थराने साधारण पाचेक डेसिबलचीच भर पडते असं धरतात. तरी ज्याच्या पॅडमधून आवाज आत येतो त्याला हा स्वस्तातला मोठा उपाय आहे.

कऱ्हाकाठ
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. श्रवणाताई, ऑडिओग्रामचं डोक्यातच नव्हतं, फाइलमध्ये शोधून ठेवते.
दोन शंका. एक, मला सेकंडहँड बोस प्रोफ्लाइट मिळतोय, तोही कानात घालायचाच आणि त्याला एएनआर आहे, मग तो क्लॅरिटीपेक्षा चांगला नाही का? दुसरी, इतका आवाज अडला तर स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल जाण्याआधी वाजणारा इशारा) ऐकू येईल का? ती तर हेडसेटमधून येत नाही.

गोंदियाकर
दुसरी शंका फार चांगली विचारलीस, आधी तीच घेतो. मी गोंदियाला डायमंड डीए४० वर शिकवतो, त्याआधी १५२ वर बराच काळ शिकवलंय.

१५२ मध्ये डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला छोटं भोक आहे, ते तुला वॉक-अराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासतात तेव्हा) दाखवलं असेलच. समोरच्या हवेशी पंखाचा अँगल वाढला की तिथली हवा ओढली जाते आणि आत पत्तीवाला हॉर्न वाजतो, पेटीतली पत्ती वाजते तसा. वीज नाही, इंटरकॉमशी संबंध नाही. तपासायचं कसं, तर भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडाने ओढायचं. नवीन हेडसेट आला की आधी तू पूर्ण सील करून सीटवर बस आणि बॅचमेटला रुमाल लावून हॉर्न वाजवायला सांग. नंतर इन्स्ट्रक्टरसोबत स्टॉलच्या सॉर्टीला उंचीवर, इंजिन चालू असताना ऐकून बघ. हॉर्नची पट्टी वरची असल्याने तो खर्जातून बाहेर उठून येतो, बहुतेकांना ऐकू येतो. पण बहुतेकांना येतो म्हणून तुलाही येईल असं गृहीत धरायचं नाही. हे झाल्याशिवाय तो हेडसेट घालून सोलो (एकटीने उडणं) नाही, हे तुझ्या इन्स्ट्रक्टरलाही सांग.

आता प्रोफ्लाइट. तुमच्या विमानासाठी नको. वजन १२८ ग्रॅम आहे, सुंदर वस्तू आहे, पण ती प्रेशराइज्ड जेट केबिनच्या मध्यम आवाजासाठी बनवलेली आहे, बोस स्वतःच गोंगाटाच्या पिस्टन विमानांसाठी ती सुचवत नाही. त्याची टिप कानाच्या तोंडाशी हलकी बसते, फोमसारखी खोल जात नाही, आणि सातारकरांनी वर सांगितलेला ८० हर्ट्झचा मारा एकट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जिवावर झेपत नाही. शिवाय सेकंडहँड माल बहुतेक एअरलाइनवाल्यांचा. एअरबसवर वापरलेला असेल तर टोकाला पाच पिनांचा एक्सएलआर प्लग निघेल, तो तुझ्या १५२ ला लागणारच नाही. तुला दोन पिनांचा पाहिजे, जाड पिन ऐकायची आणि बारीक पिन माइकची. पैसे देण्याआधी टोकाचा फोटो मागव. पुढे एअरलाइनला लागलीस की घे की प्रोफ्लाइट, तेव्हा तो शोभेल.

जुनंच_बरं यांच्याशी अर्धा सहमत. डेव्हिड क्लार्क टिकतो यात वादच नाही, पण इन-इअरही कडक डब्यात ठेवला तर टिकतो. तो तुटतो तेव्हा बहुतेक वेळा केबल ओढून प्लग काढल्याने. प्लग धरून काढायचा, केबल धरून नाही, हे हेडसेट कुठलाही असला तरी.

जुनंच_बरं
सर, केबलचं शंभर टक्के मान्य. स्टॉल हॉर्नचा मुद्दा मीही पहिल्यांदाच असा ऐकला, उद्या बॅचला सांगतो.

कऱ्हाकाठ
सर, थँक्यू, प्रोफ्लाइटवाल्याला नाही कळवलं. सध्या असं ठरवतेय की या आठवड्यात मेडिकलमधून फोमचे प्लग आणते आणि स्कूलच्या हेडसेटखाली घालून बघते, इंटरकॉमचा व्हॉल्यूम वाढवून. कानात फोम सहन होतोय का तेही त्यातच कळेल. मग सिनियरकडून टिप स्वतःची लावून एकदा त्याचा हेडसेट मागते, आणि जमलं तर क्लॅरिटी. सातारकरदादा, टिप्स इथे मिळतील का?

सनीवेल_सातारकर
बरोबर क्रम लावलास. फोम सहन झाला नाही तर डेव्हिड क्लार्क आणि जेलचे पॅड घे, त्यात कमीपणा काहीच नाही. क्लॅरिटीला कंप्लाय कंपनीच्या फोम टिप्स लागतात, हेडसेट मागवताना सोबत जास्तीच्या मागव, एकट्या टिप्स मागवल्या की पार्सल आणि ड्युटीतच जीव जातो. साइज मात्र तिन्ही घे. माझा डावा कान मीडियम आणि उजवा स्मॉल निघाला, आणि दोन्हीकडे मीडियम घालून उजवीकडून आवाज का येतो हे बरेच दिवस कळत नव्हतं. हिवाळ्यात पुण्याला येणार आहे, तोवर ठरलं तर व्यनि (खाजगी निरोप) कर, बॅगेत टाकून आणतो.

गोंदियाकर
आणि हेडसेट आला तरी पहिली सॉर्टी सर्किटची (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांची) ठेव, क्रॉस कंट्रीची (दूरच्या उड्डाणाची) नको. स्कूलचा हेडसेट मागच्या सीटवर असू दे. काही बोचलं, माइक नीट लागला नाही, तर उतरून बदलता येतं.