अंतरा गर्भनिरोधक इंजेक्शन: पाळी बंद झाली, तारीखही उलटली. आता काय करावं?

वैशाली_के: बहीण 27 वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितं. अंतराचा दुसरा डोस 10 जूनला झाला. पहिल्या डोसनंतर बरेच दिवस डाग पडत होते, आता पाळीच नाही. सासूबाई म्हणतात रक्त आत साठतंय. पुढचा डोस 10 सप्टेंबरला होता, तो राहून गेला. आज 25 तारीख. आता घेतला तर चालेल का?

सिस्टर_पाटील: चालेल, उद्याच जा. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत डोस घेता येतो, म्हणजे तिला 8 ऑक्टोबरपर्यंत मुभा आहे. त्यानंतर गेली, तर आधी गरोदर नाही याची खात्री करायची, मग इंजेक्शन, आणि पुढे सात दिवस निरोध.
दंडावर किंवा कुल्ल्यावर 150 मिलिग्रॅम स्नायूत देतात. औषध तळाशी बसतं, म्हणून भरण्याआधी कुपी नीट हलवावी लागते. नाहीतर डोस कमी जातो. टोचल्यावर ती जागा चोळू नये, शेकू नये. औषध तिथून हळूहळू सुटत राहायला हवं, चोळल्याने ते लवकर शोषलं जातं. घरी गेल्यावर कोणी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी लावतं, तेवढं मात्र टाळा. आणि कार्डावर पुढची तारीख तिच्यासमोर लिहून घ्या.

डॉ_मीनल: सासूबाईंना समजावून सांगा, रक्त आत साठत नाही. या औषधाने गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं; गळून पडायला काही तयारच होत नाही, म्हणून पाळी येत नाही. वर्षभरात निम्म्याच्या आसपास बायकांची पाळी थांबते. सुरुवातीला डाग पडणं हेही नेहमीचंच. पहिल्या डोसआधी कोणी हे सांगत नाही, मग बायका घाबरून सोडतात, याचं फार वाईट वाटतं. यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) नसल्याने दूध आटत नाही.
पण आठ दिवसांहून जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट अंगावरून जात असेल, तर दाखवाच. स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, 160/100 किंवा त्याहून जास्त बीपी, पूर्वी झालेला पक्षाघात, गंभीर यकृतविकार असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. वजन थोडं वाढू शकतं. हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर बहुतांशी भरून येते.

वैशाली_के: उद्याच उपकेंद्रात पाठवते. पुढच्या वर्षअखेरीस दुसरं मूल हवं असेल तर?

डॉ_मीनल: तर आत्ताच हिशोब करा. शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागतात, काहींना त्याहूनही जास्त. इतकं थांबायचं नसेल तर तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बघा. ती काढली की लगेच दिवस राहू शकतात.

सिस्टर_पाटील: तांबीही सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. लिंगसंसर्गापासून मात्र अंतरा वाचवत नाही आणि तांबीही नाही. तशी शंका असेल तर निरोध सोबत हवाच.