जर्मन स्पोर्ट्स कार घेताना कामगिरी, मोबदला आणि इंधनखर्च यांचा मेळ कसा घालावा?

तिसरा गिअर (प्रश्न):

नमस्कार. दोन दारांची, वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली जर्मन स्पोर्ट्स कार घेण्याचा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे. यादी कमी होत होत चार गाड्यांवर आली आहे: दोन लिटर टर्बो इंजिनाची पोर्शे ७१८ केमन, तिचीच वरची आवृत्ती जीटीएस ४.०, बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय आणि तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी. गाडी आठवडाभर कामावर जाण्यायेण्यासाठी वापरली जाईल आणि सुटीच्या दिवशी डोंगरातल्या वळणदार रस्त्यांवर. शर्यतीच्या ट्रॅकवर नेण्याचा इरादा नाही.

माझी अडचण अशी की कामगिरी, पैशाचा मोबदला आणि इंधनखर्च या तिन्हींपैकी कशाला किती वजन द्यावे हे ठरत नाही. इंधनाचेच पाहा. ७१८ केमनच्या सुरुवातीच्या माहितीपत्रकात पीडीके (पोर्शेच्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित) गिअरबॉक्ससह १०० किमीला ६.९ लिटर असा आकडा दिला आहे आणि जवळजवळ त्याच गाडीच्या नंतरच्या माहितीपत्रकात तो नऊच्या पुढे गेलेला दिसतो. मग विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय चार लिटरचे इंजिन घेतले तर मुक्काम पेट्रोलपंपावरच हलवावा लागेल, असे जो तो सांगतो. त्यात तथ्य किती आणि ऐकीव भाग किती, हे जाणकारांनी सांगावे.

संपीडन:

गाडी तीच आहे, मोजपट्टी बदलली आहे. जुना आकडा एनईडीसी या युरोपातल्या जुन्या इंधन चाचणीचा आहे. ती चाचणी जेमतेम ११ किमीची, सरासरी सुमारे ३४ किमी वेगाची आणि इतक्या मवाळ वेगवाढीची होती की तशी गाडी प्रत्यक्षात कोणी चालवत नाही, स्पोर्ट्स कारचा मालक तर नाहीच नाही. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि सप्टेंबर २०१८ पासून सर्वच नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी लागू झाली. या चाचणीचे अंतर सुमारे २३ किमी असते, वेग १३० किमीपर्यंत जातो आणि गाडीवर बसवलेल्या ऐच्छिक साहित्याचे वजनही हिशेबात धरले जाते. म्हणून आपण तुलना करताना एक पथ्य पाळावे: दोन गाड्यांचे आकडे एकाच चाचणीचे असतील तरच ते शेजारी मांडावेत.

डब्ल्यूएलटीपीनुसार पाहिले तर दोन लिटरची ७१८ केमन १०० किमीला ९ ते ९.७ लिटर, जीटीएस ४.० साधारण १० ते ११ लिटर आणि झेड४ एम४०आय साडेआठच्या आसपास पेट्रोल पिते. ३४० अश्वशक्तीची, सहा सिलिंडरची आणि वजनानेही जास्त असलेली बीएमडब्ल्यू ३०० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरच्या पोर्शेपेक्षा कमी पेट्रोल घेते. सिलिंडर आणि लिटर मोजून इंधनखर्चाचा अंदाज बांधणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

छोटे टर्बो इंजिन हलक्या भाराखाली काटकसर करते यात शंका नाही. परंतु टर्बोने हवा दाबून भरायची तर इंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) कमी ठेवावे लागते, आणि ते कमी झाले की प्रत्येक थेंबातून मिळणारे काम थोडे घटते. ७१८ च्या दोन लिटर इंजिनात हे गुणोत्तर ९.५ आहे, तर जीटीएसच्या टर्बोविरहित चार लिटर इंजिनात १३. त्यातच जोरात पाय दिला की अशी बहुतेक टर्बो इंजिने निकास वायूचे तापमान आटोक्यात राहावे म्हणून मिश्रणात जादा पेट्रोल सोडतात, आणि ते पेट्रोल शक्तीसाठी नव्हे तर निव्वळ थंडाव्यासाठी खर्च होते. उलट जीटीएसमध्ये संथ चालीत एका बाजूचे तीन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे आणि दोन्ही बाजू आळीपाळीने विश्रांती घेतात. परिणामी दुप्पट आकाराचे इंजिन असूनही दोन केमनमधला फरक १०० किमीला साधारण सव्वा लिटरचाच उरतो. दहा हजार किलोमीटर चालवल्यावर तो १२५ लिटरच्या आसपास भरतो, म्हणजे ५४ लिटरची टाकी दोनदा भरून थोडे वर. यासाठी मुक्काम हलवण्याची गरज नाही.

एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हा आपला नेहमीचा हिशेब इथे फसवा ठरतो, म्हणून जर्मन पद्धतीने १०० किमीला किती लिटर असाच विचार करावा. लिटरला ८ किमी देणारी गाडी सोडून १० किमी देणारी घेतली तर १०० किमीमागे अडीच लिटर वाचतात. १४ वरून १६ वर गेल्यास मात्र एक लिटरही वाचत नाही, जरी दोन्हीकडे वाढ दोन किलोमीटरचीच दिसते.

आणखी दोन गोष्टी. मोकळ्या रस्त्यावर १०० ऐवजी १३० च्या वेगाने गेल्यास हवेचा विरोध सुमारे १.७ पट होतो, त्यामुळे दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा एकाच गाडीच्या दोन चालकांमधला फरक सहज मोठा होऊ शकतो. दुसरे, पोर्शेची ही इंजिने ९८ ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरून जुळवलेली आहेत. त्याहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल घातल्यास नॉक सेन्सर (अवेळी होणारे ज्वलन ओळखणारे संवेदक) ठिणगीची वेळ मागे सरकवतात, शक्ती कमी होते आणि स्वस्त पेट्रोलची बचत बरीचशी तिथेच जिरते.

वळणदार:

संपीडन यांच्या हिशेबाशी सहमत आहे, मात्र कामगिरीचा विचार शून्य ते शंभरच्या आकड्यावर थांबू नये. तो आकडा पाहायचाच तर पीडीकेसह ७१८ केमन ४.९ सेकंद, झेड४ एम४०आय ४.५, जीटीएस ४.० पीडीकेसह ४ आणि २३० अश्वशक्तीची टीटी क्वात्रो (चारही चाकांवर चालणारी) ५.३. यातली एकही गाडी रोजच्या रस्त्यावर अपुरी पडणार नाही.

खरा प्रश्न असा की त्या शक्तीपैकी किती आपल्या वाट्याला येते. जीटीएसचे इंजिन मिनिटाला ७८०० फेऱ्यांपर्यंत चढते आणि त्याची खरी मजा पाच हजारांच्या पुढे सुरू होते, पण हातगिअरच्या गाडीत दुसराच गिअर १३० किमीच्या आसपास पोचतो. कायद्याच्या मर्यादेत राहणाऱ्या चालकाला ते इंजिन पूर्ण चढताना ऐकण्याची संधी फारशी मिळत नाही, असा या गाडीवरचा जुना आणि रास्त आक्षेप आहे. दोन लिटर टर्बो इंजिन ३८० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) १९५० फेऱ्यांपासूनच देते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गिअर खाली न घेताही गाडी झेपावते. आवाज मात्र शेतातल्या पंपासारखा आहे आणि त्याची सवय होते असे जे म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

झेड४ लांबच्या प्रवासाला या तिघींहून आरामदायी वाटते. १६०० फेऱ्यांपासून मिळणारा ५०० न्यूटन-मीटरचा टॉर्क कामावर जाण्यायेण्यात सर्वांत उपयोगी पडतो. परंतु अरुंद, उलटसुलट वळणांवर केमनचे मध्यभागी बसवलेले इंजिन आणि साधारण १३५० किलोचे वजन यांना तोड नाही. जाता जाता, झेड४ ही ‘जर्मन’ गाडी ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे टोयोटा सुप्राच्या शेजारी तयार झालेली आहे आणि टीटी हंगेरीत, तेव्हा चिन्हापेक्षा रचनेकडे पाहावे हे उत्तम.

टीटीला मात्र आपण उगाच शेवटी ठेवू नये. पुढील चाकांवर चालणारी हातगिअरची गाडी १२३० किलोचीच आहे, मागे दोन छोट्या जागा आहेत आणि इंधनखर्च चौघींत कमी आहे. डोंगरात जोर लावला की पुढचे टोक वळणाबाहेर सरकू पाहते, ही तिची मर्यादा.

जमाखर्च:

इंधनावर इतकी चर्चा झाली, पण अशा गाडीत सर्वांत मोठा खर्च बहुधा इंधनाचा नसतो. तो असतो घसाऱ्याचा, म्हणजे आज दिलेली आणि विकताना परत मिळणारी रक्कम यांतल्या फरकाचा, आणि त्याची पावती कधीच हातात येत नसल्यामुळे तो विसरला जातो.

जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या सायबर सुरक्षेच्या नियमांमुळे युरोपीय संघात ७१८ च्या बहुतेक पेट्रोल आवृत्त्यांची विक्री थांबली. टीटीचे उत्पादन २०२३ मध्येच संपले होते. टर्बोविरहित सहा सिलिंडरची मध्यइंजिन पोर्शे यापुढे सहजी मिळणार नाही ही भावना जीटीएसची किंमत टिकवून धरते, म्हणून खरेदीच्या वेळी महाग वाटणारी ही गाडी काही वर्षांच्या मालकीनंतर यादीतली स्वस्त गाडीही ठरू शकते. अर्थात तेवढे भांडवल तितका काळ अडकून राहते आणि विम्याचा हप्ताही त्या किमतीवरच बसतो. चार सिलिंडरच्या केमनच्या आवाजाबद्दल वळणदार यांनी जे लिहिले, तेच अनेक खरेदीदारांना वाटते. त्यामुळे ती तुलनेने कमी किमतीत मिळते, आणि आवाजाशी ज्याला कर्तव्य नाही त्याचा यात फायदाच आहे.

देखभालीत झेड४ चे बी५८ इंजिन जमेची बाजू ठरते. ते २०१५ पासून बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत बसवले गेले असल्याने सुटे भाग आणि ओळखीचे कारागीर शोधावे लागत नाहीत. टीटी क्वात्रो घेतल्यास मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचे तेल वेळच्या वेळी बदलल्याची नोंद पाहावी, कारण पुष्कळ मालक ते विसरतात. पोर्शेवर पिवळे ब्रेक कॅलिपर (ब्रेकची चकती दाबून धरणारे चिमटे) दिसले तर ती सिरॅमिक ब्रेकची खूण असते, म्हणून आनंदून जाण्याआधी त्या सिरॅमिक चकत्या बदलण्याचा खर्च विचारून घ्यावा. आपण ट्रॅकवर जाणार नाही, तेव्हा साध्या पोलादी चकत्याच हिताच्या. टायर खाली वाकून पाहावेत: बाजूच्या भिंतीवर एन० किंवा एन१ अशी खूण असेल तर तो टायर पोर्शेने मान्य केलेला आहे, आणि त्याच भिंतीवरील चार अंकांतून त्याचे वय कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने रबर वळणावर भरवशाचे नसते.

तिसरा गिअर:

सर्वांचे मनापासून आभार. इंधनाचा मुद्दा माझ्यापुरता निकालात निघाला. टीटी आणि झेड४ बाजूला ठेवून आता दोन केमनमध्येच निवड करावी असे वाटते आहे. हातगिअर की पीडीके, एवढा एकच प्रश्न उरतो. वापरलेली गाडी म्हणून यात काही धोका आहे का?

संपीडन:

इंधनाच्या दृष्टीने पीडीके किंचित सरस आहे, कारण तिला सातवा गिअर आहे आणि पाय उचलल्यावर ती इंजिन सोडवून गाडीला तशीच घरंगळू देऊ शकते. रोजच्या वाहतुकीत क्लचचा त्रासही नाही. असे असूनही वळणांचा रस्ता हेच आपले सुख असेल तर मी हातगिअर घेईन.

धोका आहे तो आधीच्या मालकाचा. हातगिअरमध्ये चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाके इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही. पीडीके असा गिअर घेऊच देत नाही. पोर्शेच्या इंजिनाचा संगणक मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची नोंद सहा टप्प्यांत ठेवतो आणि प्रत्येक टप्प्यापुढे ती घटना इंजिनाच्या कितव्या तासाला घडली हेही लिहिलेले असते. पहिल्या दोन टप्प्यांतल्या नोंदींना फारसा अर्थ नाही. पाचव्या आणि सहाव्यात आकडा दिसला, आणि तो अलीकडच्या तासांचा असला, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी ती गाडी सोडावी. ही नोंद छापून देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर पुढची गाडी पाहावी.