एक फाइल, दोघं लिहिणारे आणि बाकी बघे : गट-प्रकल्पासाठी साधन सुचवा

खडूचा_तुकडा
मी दुसरी भाषा शिकवते. वर्गात २८ मुलं, वय १३ ते १५, भाषा शिकायला लागून तिसरं वर्ष. मागच्या सत्रात चौघाचौघांचे सात गट केले, प्रत्येक गटाला एक सामायिक डॉक्युमेंट उघडून दिलं आणि सांगितलं, मिळून वार्तापत्र काढा. झालं असं की प्रत्येक गटात एकदोघं लिहीत होते आणि बाकीचे अक्षरांचे रंग बदलत होते. एका गटाचं पान सादरीकरणाच्या आदल्या दिवशी कोरं झालं, कोणी पुसलं ते आजतागायत कळलेलं नाही. दुसऱ्या एका गटाचा परिच्छेद इतका सफाईदार की तसा मीही लिहिणार नाही. भाषांतरयंत्राची कृपा.

यंदा पुन्हा करायचंय. सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, १४ लॅपटॉप. बऱ्याच मुलांचा ईमेल नाही. नेट मधेच जातं. कोणतं साधन घेऊ? फुकट असेल तर उत्तम.

अर्धविराम
पॅडलेट. फळ्यावर चिठ्ठ्या डकवाव्यात तसं. मुलांना लॉगिन लागत नाही, चिठ्ठीत मजकुराबरोबर फोटो, आवाज, व्हिडिओ टाकता येतो. सेटिंगमध्ये 'मी मंजूर केल्यावरच दिसावं' हे आधी चालू करा, नाहीतर पहिली पाच मिनिटं फक्त चावटपणा वाचाल. फुकट खात्यात मोजकेच फळे मिळतात, त्यामुळे सात गटांना सात फळे देण्याऐवजी एकाच फळ्यावर सात रकाने करा.

पोटफोड्या_ष
साधन कोणतंही घ्या, काम तेच ठेवलंत तर बघे तेवढेच राहतील. 'मिळून लिहा' म्हटलं की ज्याला येतं तो लिहितो, कारण बाकीच्यांवाचून त्याचं काहीच अडत नाही. ते अडायला हवं.

एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये ऑस्टिनमधल्या शाळांत जी 'जिगसॉ' पद्धत आणली तिचा गाभा हाच आहे: प्रत्येकाच्या हाती एकच तुकडा, चित्र पुरं व्हायला सगळे हवेत. भाषेच्या तासाला ती फार चपखल बसते, कारण तुकडा दुसऱ्याला द्यायचा तर बोलावंच लागतं.

माझं एक काम सांगतो. संग्रहालयात चोरी झाली आहे, चार साक्षीदार आहेत. प्रत्येकाची साक्ष मी दीड मिनिटाची ध्वनिफीत करून ठेवतो (मित्रांना पकडून ऑडॅसिटीत रेकॉर्ड करतो, ते फुकट आहे). गटातल्या प्रत्येकाला एकच फीत मिळते. ती तो कितीही वेळा ऐकेल, पण दुसऱ्याला ऐकवायची नाही, सांगायची. मग चौघांनी मिळून बातमी लिहायची. दोन साक्षींमध्ये वेळ मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. तिथे जुंपते. 'तो म्हणाला की', 'तिने पाहिलं असं ती म्हणते', ही वाक्यरचना व्याकरणाच्या तासाला महिनाभर घोकून येत नाही ती त्या भांडणात येते.

आणि भाषांतरयंत्राला ती फीत ऐकताच येत नाही. (येते म्हणा, पण तेवढे कष्ट घेणारं पोर एव्हाना साक्ष समजून मोकळं होतं.)

खडूचा_तुकडा
@पोटफोड्या_ष, हे पटलं आणि थोडं झोंबलंही. पण लिहायचं कुठे हा प्रश्न राहतोच. गूगल डॉक्समध्ये लॉगिन न करता लिंकवरून लिहू दिलं तर सगळे निनावी प्राणी होतात (नावाऐवजी कुठल्यातरी प्राण्याचं नाव दिसतं), बदलांच्या इतिहासातही कोण ते कळत नाही.

वेलांटी_दुसरी
मग इथरपॅड बघा. मुक्तस्रोत आहे, २००८ पासून आहे, दिसायला अगदीच साधं. लॉगिन नाही, लिंक उघडायची, कोपऱ्यात टोपणनाव लिहायचं, की प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात उमटतं. मला सर्वांत आवडते ती टाइमस्लायडर पट्टी. ती ओढली की पान पहिल्या अक्षरापासून कसं भरत गेलं ते सिनेमासारखं दिसतं. एका झटक्यात उगवलेला परिच्छेद तिथे लपत नाही. आणि कोणी पान पुसलं तरी मागे जाऊन परत आणता येतं.

दोन सावधगिऱ्या. सार्वजनिक सर्व्हरवरचं पान लिंक असलेल्या कोणालाही उघडतं, म्हणून पूर्ण नावं, फोटो, फोन नंबर लिहू देऊ नका. काही सर्व्हर जुनी पानं आपोआप पुसतात, तेव्हा तास संपला की फाइल उतरवून घ्या. नेट गेलं तर वही आहेच. मी तर पहिला खर्डा वहीतच करायला लावते.

लॉगिन असलेली मोठी मुलं असतील तर डॉक्सचा सूचना मोड मात्र सोडू नका. दुसऱ्याचं वाक्य थेट न बदलता बदल सुचवायचा आणि बाजूला कारण लिहायचं. ती कारणंच मी तपासते.

चौथा_बाक
फाइल उतरवण्याला +१. गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. मुलांनी व्हिडिओवर बोलायचं ते फ्लिप १ जुलै २०२४ पासून स्वतंत्र सेवा म्हणून राहिलं नाही, मायक्रोसॉफ्टच्या टीम्सच्या पोटात गेलं. मी एका तिसऱ्याच सेवेवर मुलांच्या मुलाखती साठवल्या होत्या. माझ्याकडे आता लिंका आहेत, मुलाखती नाहीत.

रेघोट्या
थोडं वेगळं: ट्वाइन. यात फाटे फुटणारी गोष्ट रचतात. 'दार उघडलंस तर इकडे, पळालास तर तिकडे'. प्रत्येक प्रसंगाची एक चौकट, दुहेरी चौकोनी कंसात पुढच्या प्रसंगाचं नाव लिहिलं की दुवा तयार. कोडिंग येत नसलं तरी अर्ध्या तासात जमतं.

एकाच वेळी अनेकांना लिहिता येत नाही, हा दोष आहे खरा. पण माझ्या वर्गात तोच उपयोगी पडला. आधी फळ्यावर गोष्टीचं झाड काढलं, जोडीजोडीने फांद्या वाटून घेतल्या, प्रत्येक जोडीने आपले प्रसंग लिहून आणले आणि एका 'जोडाऱ्या'ने ते ट्वाइनमध्ये बसवले. बसवताना कळलं की एका फांदीत आजोबा वारलेत आणि पुढच्या प्रसंगात ते चहाटळपणा करतायत. मग लेखकांना बोलावून दुरुस्ती. संकेतार्थ तर इतका वापरला गेला की मुद्दाम शिकवावा लागला नाही. गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये निघते आणि नेटशिवाय चालते. ब्राउझरमधलं ट्वाइन वापरलंत तर काम त्याच यंत्रावर राहतं, इतिहास साफ करताना उडू शकतं. रोज निर्यात करा.

अर्धविराम
सगळ्यांना एक विचारतो, मुलं चर्चा मातृभाषेतच करतात त्याचं काय?

पोटफोड्या_ष
करू द्या. काय लिहायचं हे ठरवताना स्वतःच्या भाषेत डोकं नीट चालतं. फक्त साक्ष सांगण्याची पाच-सात मिनिटं आणि शेवटची दुसऱ्या गटाशी प्रश्नोत्तरं शिकत्या भाषेत, हे मी आधीच बजावतो. पूर्ण तास बंदी घातलीत तर गप्प बसतील.

खडूचा_तुकडा
दोन आठवडे झाले. साक्षीदारांचं काम आणि इथरपॅड, एवढंच घेतलं. अर्धविराम, तुमचा पॅडलेट शेवटच्या प्रदर्शनाला ठेवलाय.

बघे कमी झाले. पण एक चकवा सांगते. एका गटाच्या पानावर तीनच रंग. चौथीचं एक अक्षर नाही. मी शेरा लिहायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले, तर वाक्यं तीच सांगत होती आणि बाकीचे उतरवत होते. टंकायला तिला भीती वाटते. मग गुण द्यायचे कसे?

वेलांटी_दुसरी
रंग बोटांचा हिशोब ठेवतो, डोक्याचा नाही. दर दहा मिनिटांनी टंकणारा बदला, आणि टंकणाऱ्याने स्वतःचं वाक्य घालायचं नाही, इतरांनी सांगितलेलंच लिहायचं. शेवटी प्रत्येकाकडून कागदावर तीन ओळी घ्या: गटात कोणत्या वाक्यावरून वाद झाला, तू काय म्हणालीस, शेवटी काय ठरलं. अर्धे गुण त्यावर.

खडूचा_तुकडा
आज करून पाहिलं. तिने दहा मिनिटांत चार ओळी टंकल्या, रंग जांभळा. त्यांची बातमी अजून शीर्षकापाशीच आहे, कारण चोरी नऊला झाली की साडेनऊला हे ठरत नाही. शीर्षक सहा वेळा बदललंय. पट्टी ओढून मोजलं.