नवा ब्लॅक बेल्ट, २५ पोरं आणि एक तास : वर्ग कसा घ्यावा?

शोदान_जळगाव
कराटेच्या शोतोकान शैलीची शोदान (ब्लॅक बेल्टची पहिली पायरी) परीक्षा नुकतीच झाली. १५ एप्रिलपासूनची उन्हाळी बॅच सेन्सेईंनी (गुरूंनी) माझ्याकडे सोपवली आहे. २५ मुलंमुली, वय ६ ते १३, सगळे पांढरे पट्टे. शाळेचा हॉल, शहाबादी फरशी, मॅट नाहीत. वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात. दोन महिन्यांत हेइआन शोदान हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) बसवायचा आहे. तासाची वाटणी कशी करू? झेनकुत्सु दाची (पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहणं) पोरांच्या पायात लवकर कशी बसते? आणि मुलांनी मला सेन्सेई म्हणावं का?

तापीकाठ
भाऊ, अभिनंदन. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. शोदानमधल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. वर्गाचे सेन्सेई तुमचे गुरूच आहेत, तेव्हा पोरांनी तुम्हाला सेनपाई (वरिष्ठ विद्यार्थी) म्हणावं. पहिल्याच दिवशी हे सेन्सेईंच्या तोंडून सांगितलं गेलं तर प्रश्न मिटतो.

तासाची वाटणी : रांग, मोकुसो (डोळे मिटून शांत बसणं), रेई (वाकून नमस्कार) ५ मिनिटं. अंग गरम करणं १०, किहोन (मूळ ठोसे, अडवणं, पावलं) २०, काता १५, खेळ किंवा जोडीतलं काम ५, शेवटी ताण देणं आणि रेई ५. ताण शेवटीच द्या. थंड अंगावर पाय फाकवून बसवणं, त्यात जोडीदाराने पाठीवरून दाबणं, हे बंदच ठेवा. फरशीवर मुठींवरचे जोर लहान पोरांकडून काढू नका आणि जोर-बैठका शिक्षा म्हणून देऊ नका. ज्याची शिक्षा होते त्याचा सराव पोरं मनापासून करत नाहीत.

नव्या ब्लॅक बेल्टकडून हमखास होणारी चूक म्हणजे फार बोलणं आणि फार शिकवणं. एका तासाला एकच दुरुस्ती धरा. आज मागची टाच, तर आज फक्त टाच. ठोसा वाकडा गेला तरी आज सोडून द्या. पोराला एका वेळी तीन चुका सांगितल्या की तो तिन्ही विसरतो, वर अंग आखडून घेतो.

मोजण्याकडेही लक्ष ठेवा. ‘इची, नी, सान’ (एक, दोन, तीन) घाईने म्हटलं की मागच्या रांगेतली पोरं पाय टेकण्याआधीच पुढचं पाऊल टाकतात. शेवटचा पोरगा स्थिर झाला की मगच पुढचा आकडा. मधलं अंतरही मुद्दाम कमीजास्त ठेवा, नाहीतर कान मिटून तालावर चालतात.

किहोन_धुळे
झेनकुत्सु दाचीला शहाबादी फरशीचाच उपयोग करून घ्या. फरशीचा सरळ सांधा दोन पायांच्या मधोमध घ्यायला सांगा. दोन्ही पाय सांध्यापासून सारख्या अंतरावर, आडवी रुंदी कंबरेएवढी. लांबी साधारण दोन खांदे. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, वजन पुढे ६० टक्के, मागे ४०. पहिले चार दिवस हात कंबरेवर, ठोसा नाहीच. चालताना मागचा पाय आधी दुसऱ्या पायाजवळ येतो, मग पुढे आपल्या बाजूला जातो. डोकं वरखाली होऊ नये म्हणून दोन मोठ्या पोरांना डोक्याच्या उंचीवर दोरी धरायला लावा. दोरीला डोकं लागलं की गुडघा सरळ झाला, हे पोराला स्वतःलाच कळतं.

तीन गोष्टी बिघडतात. दोन्ही पाय एका ओळीत येतात, मग पोरगं डुलतं. पुढचा गुडघा आत पडतो, त्याने गुडघ्यावर पीळ येतो. मागची टाच उचलली जाते, कारण पोराच्या मानाने दाची फार लांब असते. या तिसऱ्या चुकीवर ओरडून उपयोग नाही. दाची चार बोटं आखूड करा, टाच आपोआप टेकते.

मवात्ते (मागे वळणं) शिकवताना मात्र फरशीचा सांधा सोडून द्या. मागचा पाय पुढच्या पायाच्या मागून पलीकडे जातो, एकूण दोन कंबरा. त्यामुळे फिरल्यावर जुना सांधा पायांच्या मध्ये उरत नाही, बाजूला पडतो. पोरं तो शोधायला खाली बघतात आणि तोल जातो. इथे नेहमीची चूक म्हणजे पाय एकच कंबर सरकवणं. मग पोरगं दोरीवर चालल्यासारखं उभं राहतं.

मूठ पहिल्याच दिवशी प्रत्येकाची हाताने तपासा. अंगठा मुठीच्या आत राहिला तर पॅडवर मारताना मोडू शकतो. ठोशात कोपर झटक्याने पूर्ण ताठ करू देऊ नका, हवेत मारताना तर नाहीच.

शोदान_जळगाव
फरशीचं पहिल्या दिवसापासूनच करतो. मी समोर उभा राहून दाखवलं की पोरं डावं-उजवं उलटं करतात. आणि ६ वर्षांचे व १३ वर्षांचे एकत्र कसे सांभाळू?

किहोन_धुळे
किहोन दाखवताना पोरांकडे तोंड ठेवून आरसा व्हा. तोंडाने ‘उजवा’ म्हणा, स्वतः डावा टाका. काता दाखवताना मात्र पाठ करूनच उभे राहा. किहोन झाल्यावर दोन गट पाडा, ६ ते ८ वेगळे. त्यांना एकच काम ५ ते ७ मिनिटांवर ओढू नका. खेड्यातून येणाऱ्या पोरांना समजावणं अहिराणीत करा. आज्ञा मात्र जपानीच असू द्या.

ताई_अमळनेर
हेइआन शोदानच्या २१ हालचाली एकदम देऊ नका. १ ते ५, ६ ते ९, १० ते १३, १४ ते १७, १८ ते २१ असे तुकडे पाडा. किआई (जोराची आरोळी) ९ आणि १७ वर आहेत, आणि गोंधळ दोन्ही किआईंच्या लगेच नंतर होतो. तिथे डाव्या खांद्यावरून, पाठीमागून २७० अंश फिरायचं असतं. पोरं जवळच्या वाटेने ९० अंश वळतात. तोंड योग्य भिंतीकडे होतं, पण जागा चुकते आणि शेवट सुरुवातीच्या जागेवर येत नाही. नुसतं ते वळण रोज दहा वेळा, हात न हलवता. लहान गटाला आधी तायक्योकु शोदान हा सोपा काता द्या.

आता उन्हाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याचा किंवा तापलेल्या स्लॅबचा हॉल सकाळीही गार नसतो. दर १५-२० मिनिटांनी पाणी, न विचारता. जाड कॅनव्हासचा गी (कराटेचा पोशाख) मे महिन्यात सक्तीचा करू नका, टी-शर्ट आणि पट्टा पुरे. ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यात, अंदाजाने नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली की पोराला सावलीत आडवं करा, घोट घोट पाणी द्या. असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर अंग ओलं करून वारा घालत थेट दवाखान्यात न्या. त्या अवस्थेत तोंडात पाणी घालू नका.

नाक फुटलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबून धरा. नाव नोंदवतानाच पालकांचा फोन, दमा किंवा फिट येते का, हे लिहून घ्या.

दाची सरळ करायला हात लावण्याआधी ‘गुडघा धरू का?’ असं विचारा, मुलींना तर नक्कीच. पालकांना मागच्या भिंतीशी बसू द्या. हॉलचं दार वर्ग चालू असताना उघडं ठेवा.

तापीकाठ
एक राहिलं. १५ तारखेच्या आदल्या दिवशी हॉल स्वतः अनवाणी चालून बघा. शहाबादीचे कोपरे उखडलेले असतात, बाकांचे खिळे पडलेले असतात. उखडलेल्या जागेभोवती खडूने गोल काढा आणि तिथे रांग येऊ देऊ नका.