घोट्यावरचा काळा डाग आणि फुगलेल्या शिरा: लेझर करावे की मोज्यांवर भागेल?

मोगरा_वाई

माझी आई ५८ वर्षांची असून वाईत पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटेपासून दुपारपर्यंत ती ओट्यापाशी उभी असते. तिच्या डाव्या पोटरीवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा पूर्वीपासून आहेत. त्यांचा तिला फारसा त्रास नव्हता. गेल्या वर्षभरात मात्र आतल्या घोट्याच्या वर तळहाताएवढा भाग काळपट-तपकिरी झाला आहे, तिथली कातडी हाताला कडक लागते आणि रात्री खूप खाज सुटते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतेल इतकी सूज येते, ती सकाळपर्यंत उतरते.

एका दवाखान्यात इसब म्हणून मलम मिळाले. खाज थोडी कमी झाली, डाग तसाच राहिला. नंतर एका सर्जननी डॉपलर सोनोग्राफी करून मांडीतून उतरणाऱ्या लांब शिरेच्या झडपा निकामी झाल्याचे सांगितले आणि लेझरचा सल्ला दिला. शीरच बंद केली तर पायातले रक्त वर जाणार कुठून, असा आईचा प्रश्न आहे, आणि तेलाने मालिश करून भागेल असे तिला वाटते. तिला मधुमेह आहे, रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे. घट्ट मोजे आणले होते, पण ते चढवताच येत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दक्षिणकाठ

मी शस्त्रक्रियातज्ज्ञ आहे. पाय न पाहता निदान करणे योग्य नाही, तरी आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतील.

घोट्यावरचा डाग हा मुळात त्वचेचा आजार नाही. आपण स्थिर उभे असतो तेव्हा घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. चालू लागलो की पोटरीचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली परतू देत नाहीत आणि हा दाब ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते, चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही, आणि बारीक केशवाहिन्यांतून पाण्याबरोबर तांबड्या पेशीही बाहेर झिरपू लागतात. त्यांतले लोह त्वचेत साठून तो काळपट रंग येतो. कातडी कडक होणे ही त्याची पुढची पायरी असून त्यानंतर त्याच जागी जखम होण्याची शक्यता असते. म्हणून फक्त मलमावर थांबू नये. शिवाय अशा त्वचेला मलमांतल्या निओमायसिनसारख्या प्रतिजैविक औषधांची अ‍ॅलर्जी सहज होते, त्यामुळे दुकानातून परस्पर मलमे आणून लावणे टाळावे. साधे व्हॅसलिन पुष्कळ बरे.

आईंची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्यांना नीट मिळायला हवे. पायातले बहुतांश रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जाते. त्वचेखालची ही लांब शीर आधीच उलटी वाहत असल्याने तिचा उपयोग राहिलेला नसतो. ती बंद केल्यावर रक्त खोल शिरांच्या वाटेने जाते. मात्र त्या खोल शिरा मोकळ्या आहेत, त्यांत जुनी गुठळी नाही, हे अहवालात लिहिलेले आहे का ते पाहावे. तपासणी उभे राहून केली होती का, हेही विचारावे; या शिरेत अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटा प्रवाह दिसला तर झडप निकामी धरतात.

लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये सुईच्या छिद्रातून बारीक तार घालून शीर आतून उष्णतेने बंद करतात. भूल फक्त जागेपुरती असते आणि रुग्ण त्याच दिवशी चालतो. पायावर अशी जखम झालेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबाच्या पट्टीबंधनाबरोबर शिरेवरचा उपचार लवकर केलेल्यांची जखम भरण्याचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांची जखम भरायला लागलेला काळ) ५६ दिवस होता, तर तो लांबणीवर टाकलेल्यांचा ८२ दिवस. आईंना जखम झालेली नाही हे उत्तमच, परंतु त्वचा बदललेली असताना त्या टप्प्याची वाट पाहण्यात मला शहाणपण दिसत नाही. शिरांसाठी दिल्या जाणाऱ्या डायोस्मिनच्या गोळ्यांनी जडपणा कमी होतो, झडपा दुरुस्त होत नाहीत. मालिशबद्दलही तेच, फुगलेल्या शिरांवर जोर लावून चोळणे तर नकोच.

अम्लोडिपिनमुळेही पाय सुजतात, बहुधा दोन्ही. औषध स्वतःहून बंद करू नका, पण फिजिशियनना हे अवश्य विचारा.

मोगरा_वाई

मनःपूर्वक आभार. अहवालात खोल शिरा मोकळ्या असल्याचे लिहिले आहे. लेझरची तारीख ठरेपर्यंत मोजे वापरायचे असतील तर ते चढवायचे कसे?

निर्गुडी

मी फिजिओथेरपिस्ट असून असे रुग्ण नेहमी पाहते. प्रथम एक महत्त्वाची गोष्ट: आईंना मधुमेह आहे, त्यामुळे घट्ट मोजे घालण्यापूर्वी पायाच्या धमन्यांचा पुरवठा चांगला आहे याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. घोट्यावरचा आणि दंडावरचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. धमन्याच अरुंद असतील तर दाबाचे मोजे पायाला इजा करू शकतात.

पुरवठा चांगला असल्यास बहुतेकांना गुडघ्याखालचे, दुसऱ्या श्रेणीचे म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे मोजे पुरतात. माप सकाळी सूज चढण्याआधी घ्यावे: घोट्याच्या वरची सर्वांत बारीक जागा आणि पोटरीची सर्वांत जाड जागा. कपाटातले मोजे संध्याकाळच्या मापाने किंवा अंदाजाने आणलेले असतील तर ते बाजूला ठेवा.

चढवण्याची वेळ अंथरुणातून उठल्याबरोबरची. मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्यावा, पाऊल आत बसवावे, टाच नेमकी टाचेवर आणावी आणि मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून कापड तळहाताने थोडे थोडे वर सरकवावे. बोटे उघडी राहणारा मोजा असेल तर पावलावर आधी प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी घालावी आणि मोजा चढल्यावर ती पुढून ओढून काढावी. वरची कड कधीही दुमडू नये, तिथे पाय आवळला जातो आणि सूज वाढते. रात्री मोजे काढावेत आणि साधारण सहा महिन्यांनी बदलावेत, कारण ताण सैल पडतो.

पोळ्या लाटताना दर थोड्या वेळाने दोन्ही टाचा उचलून खाली टेकवाव्यात. त्याने पोटरीचा पंप चालू राहतो. दुपारी केंद्र बंद झाल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून अर्धा तास पडावे. खुर्चीत बसून पाय स्टुलावर टेकवणे पुरेसे नाही.

दक्षिणकाठ

वरील उत्तराशी पूर्ण सहमत. दोन गोष्टी राहिल्या. खाजवताना फुगलेली शीर फुटली तर रक्त धारेने येते; अशा वेळी आईंना लगेच आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून ठेवावी आणि मगच गाडीची व्यवस्था पाहावी. आणि एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, किंवा त्याबरोबर धाप लागली, तर ती आतल्या शिरेतील गुठळी असू शकते. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

भीमाकाठ_६२

खर्चाबद्दल थोडेसे. बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्ससाठी, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांसाठी, पहिली २ वर्षे प्रतीक्षा काळ असतो, तेव्हा आपली पॉलिसी कधीची आहे ते तारीख ठरवण्याआधी पाहा. विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र (रुग्णांना मदत करणारे योजनेचे प्रतिनिधी) बसतात. हा उपचार योजनेत बसतो का आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे डॉपलरचा अहवाल दाखवून त्यांनाच विचारावे.