मदत हवी आहे: संडासाचं पाणी विहिरीत उतरतंय, जुन्या गोबरगॅसला जोडू का?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कणकवली तालुक्यात, उतारावर. माणसं आठ. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला आणि विहीर खाली जेमतेम ४० फुटांवर. वडिलांनी बांधलं तेव्हा जागाच तेवढी होती.

आषाढात आमची विहीर काठोकाठ भरते, वाकून कळशी बुडवता येते. यंदा त्याच दिवसांत आईने माठात पाणी गाळलं आणि मला हाक मारली, "वास घेऊन बघ." तपासणीत कोलिफॉर्म निघाले, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू. तेव्हापासून पाणी उकळून पितो, पण धाकट्या पुतण्याला दोनदा जुलाब झाले आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

गवंडी म्हणतो, शोषखड्डा मोठा करू. मला ते पटत नाही. खाली जांभा आहे, भोकाभोकांचा. पावसात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा शोषणार कुठे? घाण सरळ विहिरीकडेच जाणार.

परड्यात २ घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा, म्हणजे पक्क्या घुमटाचा गोबरगॅस आहे. पूर्वी पाच गुरं होती, आता दोन गाई, म्हणून तो अर्धपोटी चालतो. संडास त्यालाच जोडावा असं मनात आहे. मैल्याचं खत करायला शिकवणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आमच्याच तालुक्यातला, आणि देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले बायोगॅस उभे केले, म्हणजे हे नवीन नाही. न्हाणीघर-मोरीचं पाणी वेगळं काढून केळी-पोफळींना देईन.

हे जमेल का? गॅस किती वाढेल? स्लरी, म्हणजे प्लांटमधून बाहेर पडणारा रबडा, माडांना चालेल का?

प्रतिसाद:

दादा, आधी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका, १००० लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने. उकळणं मात्र थांबवू नका.

जोडणी जमते, पण गॅसच्या आशेने करू नका. माणशी दिवसाला साधारण एक घनफूट धरतात, म्हणजे आठ जणांचा पाव घनमीटरही होत नाही. तुमच्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं, दोन गाईंचं त्याच्या निम्मंही भरत नसेल. खरा फायदा घाण बंद टाकीत कुजण्याचा. आपल्याकडे बाराही महिने ऊब असते, कुजवणाऱ्या जिवाणूंना वेगळी गरम जागा करून द्यावी लागत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. फ्लशला पाणी कमी, नाहीतर मैला पुरता कुजायच्या आत बाहेर ढकलला जातो. आणि संडासात ॲसिड, फिनाईल बंद. साबणाचं पाणी वेगळं काढताय ते उत्तम.

स्लरी निर्जंतुक नसते, जंतांची अंडी त्यात टिकतात. पालापाचोळ्यात जिरवून चांगली कुजू द्या, मग माडाच्या आळ्यात घालून मातीने झाका. पालेभाजीला नको. प्लांट विहिरीच्या कोणत्या बाजूला आहे? त्यावरच सगळं ठरेल.

मूळ प्रश्नकर्ता:

आत्ताच दोरी धरून मोजलं. प्लांट विहिरीच्या खालच्या अंगाला, ६५ फुटांवर. घुमटाला चीर नाही ना, ते गवंड्याकडून बघून घेतो, मगच पाईप टाकीन. विहिरीजवळून जाणारा पाईप सांध्याविना एकसंध ठेवणार.

आता अडचण घरातली. आई म्हणते, संडासाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य शिजवणार नाही. तिचं मन मला दुखवायचं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असा गॅस चुलीवर चालू असेल, तर घरच्या बायकांशी तुम्ही कसं बोललात ते सांगाल का?